जुन्या वॅगनआरमध्ये स्टिरिओ बदलताना पैसा आधी कुठे घालावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरची २००७ ची पेट्रोल वॅगनआर, डिकीत नंतर बसवलेली सीएनजीची टाकी, डॅशबोर्डमध्ये जुना सीडी डेक, पुढच्या दारांत आणि मागे बारीक कागदी स्पीकर. बजेट पंचवीस हजार. दुकानदाराने मोठी अँड्रॉइड स्क्रीन, मागे सहा-बाय-नऊ इंची स्पीकरची जोडी आणि बारा इंची बेस ट्यूब (नळीत बसवलेला वूफर) असं कोटेशन दिलंय. आवाज दणदणीत हवा, बॅटरी उतरायला नको, आणि गाडी अजून सहा-सात वर्षं वापरायची आहे.

हे कोटेशन नाकारा. त्यात डोळ्याला दिसतं त्यावर सगळा पैसा लावलाय. जुन्या छोट्या गाडीत आवाज मार खातो तो दाराच्या पातळ पत्र्यामुळे, सैल पडलेल्या अर्थिंगमुळे (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट) आणि काळी चिकटपट्टी गुंडाळून केलेल्या जोडांमुळे. ते तसंच ठेवून पन्नास हजारांचा माल घातला तरी गाडी पंधरा हजारांसारखीच वाजेल. माझी वाटणी अशी: डेकला सहा हजार, पुढच्या कंपोनंट स्पीकरना सहा, दोन दारांच्या डॅम्पिंगला (पत्र्याची थरथर मारणारी शीट) साडेतीन, वायर-फ्यूज-लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी)-स्लीव्ह यांना अडीच, आणि उरलेल्या सात हजारांत चार चॅनलचा छोटा क्लास-डी (कमी वीज खाणारा) ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर. ब्रँडप्रमाणे हजार-पाचशे इकडेतिकडे होतील. वूफर आत्ता नाहीच, त्याची जागा मात्र आताच राखून ठेवायची.

आधी गाडीची वीज तपासा

दोन-अडीचशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १२.२ दिसला तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. मग इंजिन चालू करून हेडलाइट आणि एसीचा पंखा लावा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ मध्ये असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ठीक. सव्वातेराच्या खाली येत असेल तर पट्टा, ब्रश, रेग्युलेटर यांचं काम आधी करून घ्या. त्याशिवाय ॲम्प लावणं म्हणजे चालू दुखण्यावर नवं ओझं.

अर्थिंगची तपासणी कुणी करत नाही, आणि वीस वर्षांच्या गाडीत नेमका तिथेच घोळ असतो. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. इंजिन आणि दिवे चालू असताना काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन आधी इंजिनच्या उघड्या धातूवर, नंतर बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. दोन्हीकडे ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर चांगलं. ०.३-०.४ दिसत असेल तर बॅटरी ते बॉडी किंवा बॉडी ते इंजिन ही अर्थची पट्टी गंजलीय. ती काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा, लग हिरवे पडले असतील तर नवी पट्टी टाका. शे-दोनशेच्या या कामाने हेडलाइटही उजळतात, आणि पुढे येणारी अल्टरनेटरची शिट्टी बऱ्याचदा इथेच थांबते.

अशा गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य पुण्या-नाशिकपेक्षा कमीच भरतं. तीन वर्षांपुढची बॅटरी असेल तर ती नव्या सिस्टिमच्या नावाने मरेल आणि दोष डेकवर जाईल. तिचं वय आधी पाहून ठेवा.

दारं

फॅक्टरीतून आलेलं दार म्हणजे बाहेरचा एक पत्रा, आतला एक पत्रा आणि आतल्या पत्र्याला हातभर भोकं. स्पीकरचा कोन पुढे सरकताना समोर जेवढी हवा ढकलतो, तेवढीच मागे ओढतो. मागची हवा त्या भोकांतून फिरून पुढे आली की बेस आपोआप कटतो. उरलासुरला बेस पत्रा थरथरून खातो. दार बंद करून बाहेरून बोटाने टकटक करा, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज येईल. डॅम्पिंगनंतर तो "ठप" असा येतो. कामाची परीक्षा हीच.

शीट घेताना ब्युटाइलची, वर ॲल्युमिनियम फॉइल असलेली, २ मिलिमीटरची घ्या. छपराला लावायची डांबरी पट्टी स्वस्त मिळते, ती घेऊ नका. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हातल्या बंद गाडीचं दार आतून किती तापत असेल याचा विचार करा. डांबर ओघळतं, वास सुटतो, आणि पट्टी गळून काचेच्या यंत्रणेत अडकते. ओळखायची कशी? चांगल्या ब्युटाइलला डांबराचा वास नसतो, आणि तुकडा ताणला की तो च्युइंगगमसारखा लांबतो, तुटत नाही.

दोन पुढच्या दारांना मिळून दीड चौरस मीटर पुरते. बाहेरच्या पत्र्याला आतून ३०-४० टक्के भाग झाकला तरी थरथर जाते. पूर्ण भिंत लिंपण्याची गरज नाही. स्पीकरच्या बरोबर मागचा तुकडा आणि पत्र्याचा मधला सपाट भाग सोडू नका. राहिलेली शीट आतल्या पत्र्याची भोकं बंद करायला. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली तर ती स्वतःच पडद्यासारखी हलते, म्हणून आधी दीड-दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा स्क्रूने बसवा आणि मग वरून शीट मारा. काचेचं मशीन कधीतरी उघडावं लागेलच, तेव्हा स्क्रू काढून तुकडा बाजूला करता येतो.

दाराचं पॅड काढताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा. पॅडचे स्क्रू आतल्या हँडलच्या टोपणामागे आणि आर्मरेस्टच्या खोबणीत लपलेले असतात. काच हाताने फिरवायची असेल तर हँडलच्या मागे तारेची यू आकाराची क्लिप असते. जुन्या बनियनची पट्टी हँडल आणि पॅडच्या मधून घालून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढली की क्लिप उडून बाहेर येते. ती कुठे पडते त्यावर लक्ष ठेवा. त्यानंतर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पट्टीने पॅडच्या क्लिपा एकेक सैल करा. वीस वर्षांच्या क्लिपांपैकी दोन-चार तुटणारच, म्हणून डझनभर नव्या आणून ठेवा. तुटक्या क्लिपांवर पॅड चढवलं तर पुढे जन्मभर ते खडखडत राहतं.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो शोभेचा नाही. काचेच्या फटीतून आत आलेलं पाणी तो आतल्या पत्र्यामागेच ठेवतो. भोकं शीटने पूर्ण बंद करणार असाल तर तो नको, अर्धवट काम असेल तर परत लावा. नाहीतर पहिल्या पावसात मॅटखाली पाणी. दाराच्या तळाची निथळायची छिद्रं मात्र शीटखाली कधीच जाऊ देऊ नका. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ त्या छिद्रांत बसून पक्की होते. तारेने ती मोकळी करून घ्या, तिथे पाणी साचलं तर दार खालून सडतं.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिंधी काळी यायची थांबली की शीट लावा. काम सकाळी सावलीत करा. दुपारी पत्राही तापलेला असतो आणि ब्युटाइल इतकं मऊ होतं की कागद सोलतानाच हाताला गुंडाळतं. रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. हवेचा फुगा राहिला तर तिथूनच शीट सुटते. काच पूर्ण खाली-वर करून पाहिल्याशिवाय पॅड लावू नका.

स्पीकर

पुढे कंपोनंट जोडी, म्हणजे जाड आवाजाचा दारातला वूफर वेगळा (नंतर घ्यायचा बेसचा वूफर तो नव्हे) आणि चढ्या आवाजाचा ट्वीटर वेगळा. दारात खाली बसवलेल्या कोॲक्सियलचा (दोन्ही एकातच असलेल्या स्पीकरचा) चढा आवाज गुडघ्यावर आपटतो आणि गाणारा पायाशी बसल्यासारखा वाटतो. ट्वीटर आरशाच्या आतल्या त्रिकोणी पट्टीवर बसवा, तोंड थोडं पलीकडच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याकडे. सोबतचा क्रॉसओव्हर (आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणारी डबी) दाराच्या आत ठेवू नका, तिथे पाणी असतं. डॅशबोर्डखाली टायने बांधा.

माप दुकानात जाण्याआधीच घ्या. बाहेरचं भोक किती, आणि काच पूर्ण खाली असताना आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंत अंतर किती. साडेसहा इंची स्पीकरला साधारण ५५ ते ६५ मिलिमीटर खोली लागते. कमी पडत असेल तर १२ किंवा १८ मिलिमीटरची रिंग लावून स्पीकर पुढे आणतात. पण मग तो पॅडच्या जाळीला टेकतो का, हेही पाहावं लागतं. रिंग एमडीएफची नको. दारातल्या ओलाव्याने ती एका पावसाळ्यात फुगते आणि स्क्रू सुटतात. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) फळीची करून घ्या, जळगाव-धुळ्यात फर्निचरवाले उरलेला तुकडा सहज देतात. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ फोमची गॅस्केट घाला.

कोनाच्या कडेची गुंडाळी रबराची घ्या. फोमची कडा उन्हाने भुरभुरीत होते. तुमच्या जुन्या स्पीकरवर बोट फिरवून पाहा, बहुतेक पिठासारखी गळेल. कोन पॉलिप्रॉपिलिनचा असला तर ओलावा आणि धुळीची चिंता कमी.

मागचे स्पीकर बदलू नका. आपण समोर तोंड करून बसतो, आणि मागून आलेला आवाज पुढचं चित्र बिघडवतो. मागच्या सीटवर माणसं असतील तेव्हासाठी जुनी जोडी डेकवरच, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी) बराचसा पुढे ओढून ठेवा. सहा-बाय-नऊचे पैसे वाचले.

डेक आणि त्याच्या वायरी

स्क्रीनचा मोह कळतो: रिव्हर्स कॅमेरा, नकाशा. पण या किमतीत मिळणाऱ्या बिननावाच्या अँड्रॉइड स्क्रीनचा प्री-आउट (ॲम्पला सिग्नल देणारं टोक) कमजोर, एफएम मिणमिणतं, आणि उन्हात उभ्या गाडीत टचचा गोंद मऊ पडून स्क्रीन आपोआप बटणं दाबू लागते. आवाजासाठी नावाजलेल्या कंपनीचा साधा सिंगल डिन ब्लूटूथ डेक घ्या. खोक्यावर तीन गोष्टी शोधा: तीन जोड्या आरसीए प्री-आउट (आरसीए म्हणजे सिग्नलच्या वायरीची गोल पिन), हाय-पास फिल्टर (खालचा बेस अडवणारा), आणि जमलं तर टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरला किंचित उशीर देण्याची सोय). नकाशा मोबाइलवर चालतोच. सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटरचं, डबल डिनचं १८० बाय १००. डबलच्या जागी सिंगल बसवलात तर खाली पाकीट येतं, मोबाइल ठेवायला बरं.

खोक्यावरच्या "५० वॉट गुणिले ४" ला भुलू नका. १४.४ व्होल्टला चार ओहमच्या स्पीकरवर ५० वॉट निघतात ते आवाज पूर्ण चिरडून चौकोनी झाला तरच. स्वच्छ आवाज हिशेबानेही २६ वॉटच्या वर जात नाही, आणि प्रत्यक्षात १८-२० मिळतात. तेवढ्यावर हळू आवाजात छान वाजेल. पण काचा खाली करून धुळ्याच्या रस्त्याने ऐंशीने जाताना व्हॉल्यूम वाढवला की डेक फाटतो. ॲम्प त्यासाठी.

नव्या डेकच्या वायरींचे रंग जवळपास सगळ्या कंपन्यांत सारखेच असतात. पिवळी कायम बॅटरी, लाल चावीनंतरचा करंट, काळी अर्थ, निळी अँटेनाला, निळी-पांढरी ॲम्प चालू करायला, नारिंगी दिव्यांची. स्पीकरमध्ये पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली तिची निगेटिव्ह. गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. वीस वर्षांत किती जणांनी हात घातलाय ते सांगता येत नाही. प्रत्येक वायर मीटरने ओळखा. करंट चावीच्या मूळ लायनीतूनच घ्या. गॅस किटवाल्याने ओढलेल्या वायरीला टॅप मारू नका.

दोन चुका नेहमीच्या. पिवळी आणि लाल उलटी जोडली तर चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही कायम बॅटरीच्या लायनीलाच जोडल्या तर डेक कधी बंदच होत नाही. काम संपल्यावर हे मोजा: चावी बंद, दारं बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढून मधे मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा आणि थोडा वेळ थांबा. ०.०५ अँपिअरच्या आत आकडा हवा. ०.३ दिसला तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या आधीच दोन-तीन दिवसांत हात वर करेल. मीटर मधे असताना गाडी स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटरच.

तिसरी चूक महागाची. कॅसेटच्या काळात काही ठिकाणी स्पीकरची निगेटिव्ह थेट बॉडीला देत. आताच्या डेकच्या दोन्ही स्पीकर वायरींत करंट खेळतो. त्यातली एक बॉडीला टेकली की डेक प्रोटेक्टमध्ये जातो किंवा आतली आयसी जळते. म्हणून डेक जोडण्याआधी प्रत्येक स्पीकर वायर आणि बॉडी यांच्यात मीटरचा बीपर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणारी रेंज) लावून पाहा. कुठेही बीप येता कामा नये. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर सोललेली असते, म्हणून दार उघड-बंद करत मोजा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो.

पोलॅरिटीसाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा; पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह असेल तर कोन बाहेर येतो. एक बाजू उलटी असली तर बेस गायब होतो, आणि लोक महिनाभर इक्वलायझरशी झगडत बसतात.

जोड द्यायचा तो डाग देऊन (सोल्डर करून) आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, किंवा चांगल्या क्रिंपरने. काळी पीव्हीसी टेप उन्हाने पाघळते आणि वर्षभरात उलगडते. डॅशबोर्डखाली बांधायला कापडी टेप घ्या, ती वायरींचा खडखडाटही थांबवते.

ॲम्प, वायर आणि फ्यूज

चार चॅनल, प्रत्येकी चार ओहमवर ५० वॉट आरएमएस (सलग मिळणारी खरी ताकद), क्लास-डी. पूर्ण जोरात २०० वॉट निघायला क्लास-डी ॲम्प सुमारे १९ अँपिअर ओढेल, क्लास-एबी पंचवीस ते तीस. गाणी म्हणजे सलग टोन नव्हे, त्यामुळे सरासरी ओढ याच्या बरीच खाली राहते आणि तुमचा अल्टरनेटर ती पेलतो. दोन चॅनल आज पुढच्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) उद्याच्या वूफरला.

मुख्य वायर १० चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची. सेटमध्ये येणाऱ्या जाड पारदर्शक वायरी बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमकली तर परत करा. बॅटरी ते सीटखालपर्यंत चार मीटरमध्ये १० चौरस मिलिमीटरच्या तांब्यात २५ अँपिअरला जेमतेम ०.१८ व्होल्ट पडतो, मुलामावालीत त्याच्या दीडपट, आणि ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.४४. शेतात बोअरच्या मोटरीची चपटी केबल पडून असते म्हणून ती वापरायचा मोह होतो. तिचं पीव्हीसी इंजिनच्या शेजारच्या उष्णतेसाठी नसतं, मऊ पडून पत्र्याला टेकतं. तिथे ती नको. वेल्डिंगची रबरी तांब्याची केबल मात्र चालते, लवचीकही असते.

फ्यूज ४० अँपिअरचा, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. ॲम्पवर फ्यूज आहे म्हणून हा वगळणारे कारागीर आहेत, पण हा फ्यूज ॲम्पसाठी नसतोच. बॅटरीपासून ॲम्पपर्यंतची वायर कुठे सोलून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून तो असतो, आणि गाडीत गॅसची टाकी आहे. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीत आधीचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं बूच) असतं त्यातूनच वायर घ्या. उघड्या भोकातून कधीच नाही.

ॲम्प ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा. मॅटवरचं पाणी लागू नये म्हणून डब्ल्यूपीसीच्या पट्ट्यांवर उचला, आणि बाजूंनी हवा खेळती राहू द्या. अर्थ त्याच्याजवळच, अर्ध्या मीटरच्या आत. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर लावून लग आवळा, वर ग्रीस फासा. सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा दिसतो, त्याला हात लावू नका. खाली नवं भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. ब्रेकचा पाइप, पेट्रोलची लाइन आणि तुमच्या बाबतीत २०० बारपर्यंतच्या दाबाचा गॅसचा पाइप तिथूनच जातो. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्टही अर्थला घेऊ नका.

पॉवरची वायर एका बाजूच्या पायपट्टीखालून न्या, आरसीए दुसऱ्या बाजूच्या. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात.

शिट्टी आणि टिकटिक

रेस केली की चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. ॲम्पवरून आरसीए काढा. शिट्टी तरीही असेल तर ॲम्पची अर्थ बघा. थांबली तर दोष डेककडचा: डेकची काळी वायर डॅशबोर्डमधल्या पातळ पट्टीला दिलीय का ते पाहा, ती थेट चांगल्या बॉडी पॉइंटला न्या. चालू डेकमध्ये आरसीए काढ-घाल केली तर काही डेकमधला आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज उडतो आणि मग शिट्टी कायमची बसते. म्हणून आधी बंद, मग जोडणी. ग्राउंड लूप आयसोलेटर (आरसीएच्या मधे लावायची शिट्टी अडवणारी डबी) हा शेवटचा उपाय, तो खालचा बेस खातो.

रेसबरोबर जलद होणारी टिकटिक प्लगकडून येते. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे जुन्या एचटी वायरींतून (प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरींतून) करंट गळतो. प्लग रेझिस्टरवाला आहे का बघा, म्हणजे कोडमध्ये आर अक्षर हवं. फक्त रेडिओवर खरखर असेल, आकाशवाणी जळगाव लागतं पण कुजबुजतं, तर आधी सिगारेट सॉकेटमधला स्वस्त चार्जर काढून पाहा. मग अँटेनाच्या बुडाचा गंज.

ट्यूनिंग

इक्वलायझर सपाट, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद. ॲम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) शून्यावर, स्पीकर सुटे. मोबाइलवरून ० डेसिबलचा (फाइलमधली कमाल पातळी) ३०० हर्ट्झचा सलग टोन लावा, डेकचा व्हॉल्यूम कमालच्या तीन-चतुर्थांशावर. ॲम्पच्या आउटपुटला मीटर एसीवर ठेवून गेन वाढवत १४ व्होल्टला थांबा. हिशेब सोपा आहे: ५० वॉट गुणिले ४ ओहम, दोनशे, त्याचं वर्गमूळ १४.१. इंटरनेटवर १००० हर्ट्झचा टोन वापरा म्हणतात, पण पिवळा मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलतो. गेन हा व्हॉल्यूम नव्हे. पूर्ण फिरवून ठेवला तर अर्ध्या व्हॉल्यूमलाच सिग्नल चिरडतो, आणि त्यात ट्वीटर आधी जातो.

हाय-पास ८० हर्ट्झवर लावा, स्पीकर चार इंची असेल तर १२० वर. छोट्या कोनाच्या डोक्यावरचं बेसचं ओझं उतरलं की तोच स्पीकर दुप्पट मोकळा वाजतो. टाइम अलाइनमेंट असेल तर ड्रायव्हरच्या कानापासून दोन्ही स्पीकरची अंतरं टेपने मोजून भरा. डावा स्पीकर चाळीस सेंटिमीटर लांब असेल तर उजव्याला १.२ मिलिसेकंद उशीर द्यायचा, म्हणजे गाणारा डॅशबोर्डच्या मध्यावर येतो.

पेनड्राइव्हमधली गाणीही बघा. लग्नसराईतली अहिराणी गाणी "डीजे मिक्स" म्हणून पुन्हा पुन्हा बेस चढवून फिरतात. ती फाइलमध्येच फाटलेली असतात. त्यांवर सिस्टिम पारखू नका. ३२० केबीपीएसचं एखादं स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या.

वूफरचं पुढे काय

टाकीवर किंवा टाकीसमोर बेस ट्यूब टेकवली तर व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, आणि तो एका झटक्यात बंद करता आलाच पाहिजे. डिकी विसरा. वॅगनआरच्या पुढच्या डाव्या सीटखाली सामान ठेवायचा ट्रे असतो. तो काढला की सात-आठ सेंटिमीटर उंचीचा सीटखालचा आठ इंची वूफर बसतो; सीट पूर्ण पुढे-मागे करून, कुणाला तरी वर बसवून उंची मोजा. अंगभूत ॲम्पवाला घेतलात तर ॲम्पचे दोन चॅनल मोकळे राहतील, त्यावर मागचे टाका. पण त्याला वेगळा फ्यूज आणि तशीच १० चौरस मिलिमीटरची वायर लागेल. लो-पास (फक्त खालचा बेस जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झ. वूफर जोडल्यावर ४० ते ८० हर्ट्झचा चढता टोन लावा आणि दुसऱ्याला नंबर प्लेट, मागचं दार, सन व्हायझर एकेक दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर खडखड थांबेल तिथे फोमची पट्टी.

पंधरा दिवस गाडी खडबडीत रस्त्याने फिरली की फ्यूज होल्डरचे, अर्थच्या लगचे आणि स्पीकरचे स्क्रू एकदा आवळून घ्या. नव्या लगमध्ये तांब्याच्या तारा दबून बसतात आणि जोड सैल पडतो. फ्यूज होल्डर हाताला गरम लागत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच.